ऑस्ट्रेलियाची २००८ची माफी: नंतर आलेल्यांनी का मागायची?

यारावाला (धागाकर्ता, मेलबर्न)

आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फेब्रुवारीत एक वाद ठरलेला असतो. १३ तारीख आली की कुणीतरी तेव्हाचे पंतप्रधान केविन रड यांच्या माफीच्या भाषणाची क्लिप टाकतं. पाच मिनिटांत खाली उत्तर येतं, "मुलं नेली गोऱ्यांनी, आपण आलो परवा. आपला काय संबंध?" मग अंगठे, मग भांडण, मग अ‍ॅडमिनची तंबी. तिथे चार ओळींच्या वर कुणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण १९१० ते १९७० या काळात ऑस्ट्रेलियातल्या सरकारांनी, पोलिसांनी आणि चर्चच्या मिशनांनी आदिवासी मुलं आईबापांपासून काढून नेली. त्यातही ज्यांचा बाप किंवा आजा गोरा आहे अशी उजळ रंगाची मुलं आधी. हिशेब असा, की ही गोऱ्यांत मिसळून जातील आणि बाकीचे आदिवासी कालांतराने आपोआप संपतील. पश्चिम ऑस्ट्रेलियात ए. ओ. नेव्हिल नावाचा अधिकारी १९१५ ते १९४० आदिवासी खात्याचा प्रमुख होता; पदाचं नाव १९३६पर्यंत 'मुख्य संरक्षक', आणि त्या राज्यातल्या आदिवासी मुलांचा कायदेशीर पालक तो, आई नव्हे. न्यू साउथ वेल्समध्ये मुलींची रवानगी कूटामंड्राच्या गृहात, मुलांची केम्प्सीजवळच्या किंचेलात. किंचेलात मुलांना नावाऐवजी नंबर होते. शिक्षण कसलं, तर मुलींना मोलकरणीचं आणि मुलांना शेतमजुराचं.

१९९७मध्ये मानवाधिकार आयोगाचा अहवाल आला. अध्यक्ष सर रोनाल्ड विल्सन, सोबत मिक डॉडसन. हे विल्सन म्हणजे उच्च न्यायालयाचे (ऑस्ट्रेलियात हेच सर्वात वरचं कोर्ट) माजी न्यायमूर्ती, आणि अशा मुलांसाठी पर्थमध्ये वसतिगृह चालवणाऱ्या चर्चचे एकेकाळचे पुढारी. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्याशेजारचाच माणूस चौकशीला बसलेला. अहवालाचा अंदाज होता की त्या काळात दहातलं एक ते तिनातलं एक आदिवासी मूल असं नेलं गेलं. शिफारस: संसदेने माफी मागावी आणि भरपाई द्यावी.

राज्यांच्या विधिमंडळांनी एकेक करून माफी मागितली. केंद्रात पंतप्रधान जॉन हॉवर्ड अडून बसले. १९९९मध्ये त्यांनी खेद व्यक्त करणारा ठराव आणला, पण माफी नाहीच. त्यांचं म्हणणं, आजच्या पिढीने तिच्या हातात नसलेल्या गोष्टींचा दोष का पत्करावा? २००० साली सिडनीच्या हार्बर ब्रिजवरून अडीच लाखांच्या आसपास लोक चालले, तरी ते हलले नाहीत. नोव्हेंबर २००७मध्ये निवडणूक हरले. रड आले, आणि नव्या संसदेचं रीतसर उद्घाटन झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १३ फेब्रुवारी २००८ला, माफीचा ठराव मांडला.

माझं म्हणणं एवढंच. ठरावात माफी मागितली आहे ती एकामागून एक आलेल्या संसदांच्या आणि सरकारांच्या कायद्यांबद्दल, धोरणांबद्दल. माफी मागणारी संस्था तीच आहे, जिने कायदे केले. मी नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा त्या संस्थेत सामील झालो. जमीन विकत घेतली की सातबाऱ्यावरचा जुना बोजाही आपल्या नावावर येतो. 'कर्ज मी काढलं नव्हतं' हे बँक ऐकत नाही.

---

दगडू_नाईलाजाने

बोजा आला म्हणता, पण फेडला किती? रडसाहेबांनी भाषणाच्या आधीच जाहीर केलं होतं की भरपाई मिळणार नाही. म्हणजे माफी मागायची, टाळ्या घ्यायच्या, आणि खिशाला हात लावायचा नाही. आमच्याकडे याला कोरडी सहानुभूती म्हणतात. चालू द्या.

---

घाटावरचा

धागा चांगला आहे, पण एकतर्फी. हॉवर्ड म्हणजे खलनायक असं चित्र रंगवणं सोपं आहे. त्यांचा मुद्दा विचार करण्यासारखा होता. मुलं नेणारे बहुतेक मेले, काही अधिकारी खरोखर मुलांच्या भल्यासाठी झटत होते, काही मुलं खरोखर उपाशी आणि आजारी होती. सगळ्यांना एका शब्दात 'चोर' ठरवायचं? या मुलांना पडलेल्या 'चोरलेल्या पिढ्या' या नावावरसुद्धा वाद झालाच होता. २००० साली मंत्री जॉन हेरन यांच्या खात्याने लिहून दिलं की फार तर दहा टक्के मुलं नेली गेली, त्याला पिढी कसं म्हणता?

आणि सातबाऱ्याचा दाखला देऊ नका. बोजा नोंदलेला असतो, रक्कम लिहिलेली असते. इथे रक्कम कुणी लिहिली होती?

---

मोगरा८

+१ घाटावरचा. शेवटच्या वाक्याला विशेष.

---

ताम्हण (पुणे)

घाटावरचे, रक्कम लिहिली गेली होती. माफीच्या सहा महिने आधी. पाच लाख पंचवीस हजार डॉलर.

ब्रूस ट्रेवोरो हे नाव इथे अजून आलं नाही याचं नवल वाटलं. हा खटला मी थोडा सविस्तर सांगतो, कारण 'हेतू चांगला होता' या वाक्याचं पुढे काय होतं ते त्यात दिसतं.

दक्षिण ऑस्ट्रेलियात, कुराँगच्या पट्ट्यात मेनिंगी नावाचं गाव आहे. १९५७च्या नाताळात ब्रूस तेरा महिन्यांचा. पोट बिघडलं म्हणून बापाने शेजाऱ्यांबरोबर त्याला अ‍ॅडलेडच्या मुलांच्या दवाखान्यात पाठवलं. मूल बरं झालं. घरी मात्र आलं नाही. सरकारी मंडळाने ते एका गोऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला देऊन टाकलं. आईबापांना विचारलं नाही, कोर्टात गेले नाहीत. काही महिन्यांनी आईने मंडळाला पत्र लिहिलं, माझं बाळ कसं आहे, कधी परत मिळेल? मंडळाने उत्तर दिलं की त्याची प्रगती चांगली आहे, पण उपचारांसाठी डॉक्टरांना तो अजून काही काळ तिथेच हवा आहे. हे उत्तर लिहिलं तेव्हा मूल दवाखान्यात नव्हतंच, केव्हाच पालक कुटुंबाच्या घरी होतं.

मुलगा दहाच्या आसपासचा झाल्यावर आईकडे परत आला, तोवर बाप वारला होता. नंतर संस्था, नैराश्य, दारू. न्या. ग्रे यांनी १ ऑगस्ट २००७ला निकाल दिला. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, त्या मंडळाला असं मूल काढून घेण्याचा कायदेशीर अधिकारच नव्हता, आणि तसा सल्ला सरकारला आधीच मिळालेला होता. म्हणजे 'तेव्हाचा कायदाच तसा होता' हा बचाव इथे उभा राहत नाही, त्यांनी तेव्हाचा कायदाही मोडला होता. दोन, कोर्टाने ब्रूसची तुलना त्याच्याच घरात वाढलेल्या भावंडांशी केली. तीच गरिबी, तेच आईबाप. ती भावंडं त्याच्यापेक्षा कितीतरी धड निघाली.

असा निकाल देशात पहिलाच. त्याआधी २०००मध्ये लोर्ना क्युबिलो आणि पीटर गनर हे नॉर्दर्न टेरिटरीतले दोघे फेडरल कोर्टात हरले होते. पुरावे जुने, साक्षीदार मेलेले, आणि गनरच्या बाबतीत आईच्या अंगठ्याचा ठसा असलेला कागद सरकारने पुढे केला. अंगठ्याखाली काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला कितपत कळतं, हे आपल्याकडे जमिनीची कामं करणाऱ्या कोणालाही विचारा.

ब्रूस ट्रेवोरो जून २००८मध्ये वारले, माफीनंतर चार महिन्यांनी. राज्य सरकारचं अपील तेव्हा चालूच होतं. ते २०१०मध्ये फेटाळलं गेलं.

---

सविता_पर्थ

ताम्हण, हे वाचून एक उलगडा झाला.

मी काही वर्षं नॉर्दर्न टेरिटरीत नर्स होते. लहान मूल भरती झालं की आदिवासी आज्या आणि मावश्या वॉर्डमधून हलत नसत. खुर्चीत, जमिनीवर, कुठेही. आम्ही नव्याने आलेल्या भारतीय नर्सेस आपसांत म्हणायचो, यांना आपल्यावर विश्वास का नाही? एका म्हाताऱ्या बाईंना मी चांगल्या मनानेच म्हटलं, "तुम्ही घरी जाऊन झोपा, आम्ही आहोत ना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची बाळाच्या पाळण्याजवळ आणखी ओढली.

बाकी घाटावरचे, दहा टक्के हा आकडा तुम्ही 'फक्त' म्हणून वापरताय. तुमच्या शाळेच्या वर्गातली चार-पाच पोरं एक दिवस गायब झाली असती, तर राहिलेल्यांनी रात्री झोप कशी घेतली असती?

---

घाटावरचा

ताई, अनुभवाचा आदर आहे. पण अनुभवावर राष्ट्रीय धोरण ठरत नाही. ट्रेवोरो खटल्यात कायदा मोडला हे सिद्ध झालं, तिथे भरपाई द्या, माझी ना नाही. कोर्टं त्यासाठीच असतात. संसदेने उभं राहून सरसकट माफी मागण्याने काय साधलं हा माझा मूळ प्रश्न तसाच आहे.

---

ताम्हण

कोर्टं त्यासाठी असतात हे खरं, पण क्युबिलोंसारख्यांची कागदपत्रं ज्यांच्या कपाटात होती तेच प्रतिवादी होते. शिवाय उच्च न्यायालयाने १९९७मध्ये क्रुगर प्रकरणात मुलं नेण्याचा अधिकार देणारा टेरिटरीचा अध्यादेश घटनाबाह्य नाही असंच म्हटलं. म्हणजे जिथे कायद्यानेच मुलं नेली, तिथे दाद मागायची जागा कोर्ट उरत नाही. कायदा करणारं सभागृहच उरतं.

---

शेवगा

एक अवांतर वाटेल असं लिहितो.

संरक्षण, सुधारणा, वसाहत ही भाषा ब्रिटिशांनी फक्त ऑस्ट्रेलियात वापरली नाही. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आठवा. १८९७च्या दुरुस्तीने चार ते अठरा वयाची मुलं आईबापांपासून वेगळी काढून सुधारगृहात ठेवण्याची सोय त्यात झाली. आमच्या सोलापुरात सेटलमेंट म्हणून जो भाग लोक अजून ओळखतात, तो तारेच्या कुंपणातला होता. पारधी, कैकाडी, भामटे, हजेरी लावल्याशिवाय बाहेर पाऊल नाही, आणि गिरण्यांना स्वस्त मजूर. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला, त्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. पारध्याचं पोर दिसलं की पोलीस आजही काय करतात ते सांगायला नको.

ब्रिटिश संसदेने याबद्दल कधी तोंड उघडलेलं कुणाला आठवतंय? आणि आपल्या संसदेने?

---

दगडू_नाईलाजाने

आला, आला, सोलापूर आलं! ऑस्ट्रेलियाच्या धाग्यात सोलापूर आल्याशिवाय मराठी संस्थळाची पूर्तता होत नाही.

---

मोगरा८

शेवगा, विषय महत्त्वाचा आहे पण इथे नको. प्रत्येक वेळी 'आपल्याकडे बघा' म्हटलं की समोरचा प्रश्न निसटतो.

---

शेवगा

ताई, उलट आहे. 'आपला काय संबंध' हा धाग्याचा प्रश्न आहे ना? त्याच साम्राज्याच्या त्याच पद्धतीच्या कायद्याखाली आपल्याच जिल्ह्यातली पोरं काढून नेण्याची सोय होती, हा संबंधच नव्हे का? मेलबर्नच्या मराठी माणसाने स्वतःला या गोष्टीत परका समजू नये एवढंच म्हणतोय. वेगळा धागा काढतो, तिथे या.

---

संपादक मंडळ

जातिवाचक उल्लेख असलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. वैयक्तिक होऊ नये.

---

यारावाला

घाटावरचे, 'काय साधलं' याचं उत्तर मला त्या दिवसातच दिसतं.

भाषणात रडनी नाना नुंगाला फेजो या आजींची गोष्ट सांगितली, काही दिवस आधी त्यांच्या घरी जाऊन ऐकलेली. १९३२च्या सुमारास, चारेक वर्षांच्या असताना त्यांना टेनंट क्रीकच्या वस्तीवरून नेलं. माणसं येणार हे आयांना माहीत होतं, म्हणून त्यांनी ओढ्याच्या काठात पोरांना लपायला खड्डे खणून ठेवले होते. पुढे एका ठिकाणी मुलांना तीन रांगांत उभं केलं. एक रांग कॅथलिक, एक मेथडिस्ट, एक इंग्लंडच्या चर्चची. ज्या रांगेत उभे राहिलात तो तुमचा धर्म. नाना आणि बहीण मेथडिस्ट बेटावर, भाऊ कॅथलिक म्हणून दुसरीकडे. आईची भेट पुन्हा झाली नाही.

पंतप्रधानाने हे संसदेत, कामकाजाच्या नोंदीत बोलणं आणि तुम्ही-आम्ही बोलणं यात फरक आहे. हेरन यांच्या खात्याचा तो 'दहा टक्के'वाला कागद त्याच सरकारी दप्तरात होता. आता त्याच्या वर हे आलं. त्यानंतर कुठल्याही पंतप्रधानाला 'असं काही झालंच नाही' हे सरकारच्या वतीने म्हणता आलेलं नाही.

विरोधी पक्षनेते ब्रेंडन नेल्सन यांनी ठरावाला पाठिंबा दिला, पण भाषणात चांगल्या हेतूंचा आणि आदिवासी वस्त्यांतल्या बाल अत्याचारांचा पाढा वाचला. बाहेर पडद्यांवर बघणाऱ्या लोकांनी उठून त्यांच्याकडे पाठ फिरवली. इथे फेडरेशन स्क्वेअरलाही तेच. व्हिटलम, फ्रेझर, हॉक, कीटिंग हे चार माजी पंतप्रधान हजर होते. हॉवर्ड नव्हते. विरोधी पक्षातल्या पीटर डटन यांनी बहिष्कार घातला होता. पुढे विरोधी पक्षनेते झाल्यावर, २०२३मध्ये, त्यांनी त्या बहिष्काराबद्दल माफी मागितली. कोरडे शब्द होते तर पंधरा वर्षांनी त्यांची राजकीय गरज का पडावी?

---

ताम्हण

यारावाला, इथपर्यंत तुमच्याबरोबर आहे, पण आता तुमच्या विरुद्ध लिहितो. धागा फार गोड होतोय.

माफीच्या दिवशी नॉर्दर्न टेरिटरीत काय चालू होतं? जून २००७मध्ये हॉवर्ड सरकारने तिथल्या आदिवासी वस्त्यांमध्ये 'हस्तक्षेप' सुरू केला होता. निमित्त होतं लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या अहवालाचं. तो प्रश्न खराच होता. पण उपाय काय, तर लष्कर पाठवलं, लोकांच्या सरकारी भत्त्याची अर्धी रक्कम अडकवून ठेवली, आणि हे सगळं करता यावं म्हणून १९७५चा वांशिक भेदभावविरोधी कायदा या वस्त्यांपुरता बाजूला ठेवला. रड सरकारने माफी मागितली आणि हा कार्यक्रम पुढे चालू ठेवला. तो कायदा पुन्हा लागू करायची दुरुस्ती २०१०मध्ये झाली.

म्हणजे 'तुमच्या भल्यासाठी तुमच्यावर वेगळा कायदा' याबद्दल सकाळी माफी, आणि त्याच दिवशी तसाच वेगळा कायदा अमलात. दगडूंच्या खवचटपणात तथ्य आहे ते इथे. भरपाईपेक्षाही.

---

सविता_पर्थ

हो. आणि अडकवलेला भत्ता ज्यावर मिळायचा ते कार्ड घेऊन दुकानात वेगळ्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यातल्या काहींना मात्र ती योजना हवीही होती, नवरा पैसे दारूत घालवायचा म्हणून. हेही सांगायला हवं. आदिवासी म्हणजे एकच मत, असं इथे सगळेच धरून चाललेत.

मुलांबद्दल बोलायचं तर देशातल्या मुलांत आदिवासी मुलं सहा टक्क्यांच्या आसपास, पण सरकारी देखरेखीखाली घराबाहेर ठेवलेल्या मुलांत चाळीस टक्क्यांहून जास्त. आजची गोष्ट सांगतेय. कारणं वेगळी आहेत, कायदे वेगळे आहेत, बहुतेक प्रकरणांत काळजी खरी आहे. पण दारात सरकारी गाडी थांबली की आजीच्या डोक्यात काय येत असेल?

---

घाटावरचा

मग माझंच म्हणणं सिद्ध झालं. माफीने जमिनीवर काही बदललं नाही. लोकांनीही कौल दिला आहे. १४ ऑक्टोबर २०२३चं सार्वमत बघा. संसदेला सल्ला देणारं आदिवासींचं मंडळ घटनेत घालायचं की नाही? साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं. सहाच्या सहा राज्यांत हरलं. भारतीय वंशाच्या मतदारांतही माझ्या ओळखीत 'नाही'वालेच जास्त होते.

---

यारावाला

सहाही राज्यांत हरलं, खरं. नॉर्दर्न टेरिटरीतल्या दुर्गम आदिवासी वस्त्यांमधल्या मतदान केंद्रांवर मात्र 'हो'चं मताधिक्य होतं, आणि ते बरंच मोठं. ज्यांच्यासाठी विचारलं त्यांनी हो म्हटलं, बाकीच्यांनी नाही. यातून माफी निरुपयोगी होती हे निघतं, की माफीनंतरचं पाऊल उचलायला बहुसंख्य तयार नव्हते हे? मी दुसरं म्हणेन. १९६७च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी आदिवासींच्या बाजूने मत दिलं होतं. तेव्हा त्यांना जनगणनेत मोजायचं होतं. आता त्यांचं ऐकून घ्यायचं होतं.

आपल्या मंडळींचं म्हणाल, तर १९७३पर्यंत या देशाचं धोरण आपल्याला दाराबाहेर ठेवण्याचं होतं. ते धोरण बदलायला ज्यांनी आवाज उठवला त्यात आपण नव्हतोच. त्या सरकारी चुकीची दुरुस्ती आपण बिनतक्रार उपभोगतो. दुसरीच्या दुरुस्तीची वेळ आली की मात्र 'आम्ही नवीन आहोत'.

---

दगडू_नाईलाजाने

हे शेवटचं बरं बोललात.

पण माझं पैशाचं कुणी बोलेना. कॅनडाचे पंतप्रधान हार्पर जून २००८मध्ये माफी मागायला उभे राहिले, तेव्हा तिथे निवासी शाळांत नेऊन ठेवलेल्या आदिवासी मुलांसाठी भरपाईचा करार आधीच झाला होता. पहिल्या वर्षाचे दहा हजार डॉलर, पुढच्या प्रत्येक वर्षाचे तीन हजार. इथे काय?

---

ताम्हण

इथे तुकड्यातुकड्याने. टास्मानियाने माफीच्याही आधी, २००६मध्ये ५० लाखांचा निधी कायद्याने केला. न्यू साउथ वेल्सने २०१७पासून प्रत्येकी ७५ हजार. केंद्राने आपल्या अखत्यारीतल्या प्रदेशांसाठी, म्हणजे मुख्यतः नॉर्दर्न टेरिटरीसाठी, २०२१मध्ये ७५ हजार आणि वर सात हजार जाहीर केले. हे माफीनंतर तेरा वर्षांनी. व्हिक्टोरियाने २०२२मध्ये एक लाख. पश्चिम ऑस्ट्रेलिया, म्हणजे नेव्हिलसाहेबांचं राज्य, २०२५मध्ये ८५ हजारांवर आलं.

---

दगडू_नाईलाजाने

आणि क्वीन्सलंड?

---

ताम्हण

त्यांनी १९९९मध्येच विधिमंडळात माफी मागितली आहे. योजना नाही.

---

घाटावरचा

२०२५ साली ८५ हजार घ्यायला तेव्हाची किती मुलं जिवंत असतील?

---

सविता_पर्थ

हाच प्रश्न इथले लोकही विचारतायत, घाटावरचे. पैसे जिवंत असलेल्यांनाच आहेत. कुणाची आई योजना जाहीर होण्याआधी गेली असेल, तर तिच्या मुलांना काही नाही.